संशोधन-सुरक्षा, सायबर सुरक्षा, संघटन-मानसशास्त्र: या कामाची माणसं येतात कुठून?

मुळा_ते_मास

मंडळी, मी नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाच्या संशोधन कार्यालयात काम करते. परदेशी संस्थांशी होणारे करार, पाहुणे संशोधक, बाहेरून येणारा निधी अशा फायली आमच्याकडे येतात. त्यातलं कोणतं संशोधन उद्या शस्त्रात किंवा लोकांवर पाळत ठेवायला वापरलं जाऊ शकेल, हे आम्ही तपासतो. माझं शिक्षण इतिहासाचं, पुण्यातलं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी रसायनशास्त्रातला पीएचडी आहे, त्याच्या पलीकडची कायदा शिकलेली, आणि अडल्या वेळी आम्ही जिच्याकडे धाव घेतो ती मानसशास्त्रज्ञ. भारतात कुणाला हे सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "म्हणजे आयटीच ना?"

तो प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्यामुळे नुकसान होतं. नोकरीच्या जाहिरातीत कॉम्प्युटरची पदवी आणि दोन-तीन सर्टिफिकेटं मागितली जातात आणि ज्यांची खरी गरज असते ते लोक अर्जच करत नाहीत. या क्षेत्रांचा इतिहास काही वेगळंच सांगतो.

क्लिफर्ड स्टोल यांचं उदाहरण घ्या. हे खगोलशास्त्रज्ञ. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कॉम्प्युटर विभागात काम करत होते. संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. दुसऱ्या कुणी तो राऊंड ऑफ म्हणून सोडला असता. स्टोल त्याच्या मागे लागले आणि माग काढत काढत पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत पोचले. तिथला एक तरुण अमेरिकी लष्करी संगणकांत शिरून माहिती केजीबीला विकत होता. निरीक्षणाची वही रोज लिहायची, जुळत नसलेला आकडा सोडायचा नाही, या सवयी दुर्बिणीपाशी लागलेल्या.

त्याहून मागे जा. एलिझेबेथ फ्रिडमन इंग्रजी साहित्याच्या पदवीधर. १९१६ मध्ये इलिनॉयमधल्या रिव्हरबँक या खासगी संशोधन संस्थेत त्यांना काम मिळालं ते शेक्सपिअरच्या नाटकांत कुणी गुप्त मजकूर दडवलाय का हे शोधायचं. तसं काही नव्हतंच, पण तिथेच त्या संकेतलिपी फोडायला शिकल्या. पुढे अमेरिकेत दारूबंदी असताना तटरक्षक दलासाठी त्यांनी तस्करांचे बिनतारी संदेश उलगडले. त्यांचे पती विल्यम फ्रिडमन अमेरिकी लष्कराच्या संकेतभेद विभागाचे प्रमुख झाले, आणि त्यांचं शिक्षण होतं आनुवंशिकीचं!

आता अगदी अलीकडचं. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने संशोधन-सुरक्षेसाठी प्रथमच एक प्रमुखपद निर्माण केलं आणि त्यावर रेबेका कायझर यांना नेमलं. पदवी जपानविषयक अभ्यासाची, पीएचडी आंतरराष्ट्रीय संबंधांची, मध्ये नासात नोकरी. दोन देशांतल्या संस्था एकमेकींशी कशा वागतात हे ज्यांना कळतं, त्यांना या पदावर बसवलं गेलं.

माझं म्हणणं असं: या तिन्ही क्षेत्रांत मूळ धंद्याची नजर घेऊन येणारी माणसंच मोठं काम करून जातात, आणि भरती करताना नेमकी तीच नजर आपण चाळणीत अडवतो. तुमचा अनुभव काय? इथे बँकेतले, आयटीतले, प्रयोगशाळेतले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

---

सह्यकडा

धागा आवडला, पण निम्माच पटला. मी हिंजवडीत एका सॉकमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या संगणकांवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या केंद्रात आहे. रात्रपाळीत स्क्रीनवर अलर्ट येत राहतात, त्यातले बहुतेक फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे खोटे इशारे. एका अलर्टवर तुमच्या हातात काही मिनिटं असतात: कुठल्या मशीनवरून आला, कुठल्या युजरच्या नावाने, त्या वेळी तो युजर कामावर असतो का, त्याआधी त्या मशीनने बाहेर कुणाशी बोलणं केलं. डीएनएस म्हणजे काय, पॉवरशेल कशासाठी वापरतात हे ठाऊक नसेल तर तुम्ही तिकीट बंद करणार किंवा घाबरून सगळंच वर पाठवणार. दोन्हींत टीमचं नुकसान.

स्टोल खगोलशास्त्रज्ञ होते हे खरं. पण त्यांनी काय केलं तेही सांगा की. एका वीकेंडला इकडून तिकडून टर्मिनलं आणि टेलिप्रिंटर गोळा करून, आत येणाऱ्या पन्नास लाइनींना एकेक जोडून ठेवला, म्हणजे घुसखोर जे टाइप करील ते कागदावर उमटेल. ज्याला यंत्राची भीती वाटते त्याच्या हातून हे होत नाही. पाया लागतोच. इतिहासाचा विद्यार्थी आला तर स्वागत आहे, पण त्याने सहा महिने नेटवर्किंग आणि लिनक्स घोटून यावं.

---

बिल्वदल

सह्यकडा, पाया लागतो यात वादच नाही. पण पाया फक्त एकाच बाजूचा घातला की काय होतं, त्याचं उदाहरण आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं भोगलंय: पासवर्ड.

एक मोठं अक्षर, एक अंक, एक चिन्ह, आणि ठरावीक दिवसांनी बदला. हा नियम जगभर पसरला त्यामागे अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेची २००३ ची मार्गदर्शिका होती. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनीच निवृत्तीनंतर, २०१७ मध्ये, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो असं वर्तमानपत्राला सांगितलं. त्याच वर्षी निस्टने ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती मागे घेतली. मधल्या काळात उत्तर कॅरोलिना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये तपासलं होतं की जुना पासवर्ड हाती असेल तर नवा ओळखता येतो का. ४१ टक्के वेळा तो काही सेकंदांत सापडला. कारण सरळ आहे, माणूस शेवटचा अंक एकाने वाढवतो.

हे आधीच दिसलं कुणाला? अँजेला सॅस यांना. त्या कार्यमानसशास्त्र शिकून संगणकशास्त्राकडे वळलेल्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये असताना १९९९ मध्ये त्यांनी अ‍ॅन अ‍ॅडम्स यांच्यासोबत एक निबंध लिहिला. वापरणारा माणूस शत्रू नव्हे, हे म्हणणं त्याच्या शीर्षकातच होतं. कर्मचाऱ्यांना बसवून विचारलं तर ते सांगत होते की पासवर्ड लक्षात राहत नाहीत म्हणून लिहून ठेवतो, आणि हे सगळं कशासाठी ते आम्हाला कुणी सांगतच नाही. पुढे २००८ मध्ये सॅस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की नियम पाळण्यासाठी माणूस जेवढा त्रास सोसतो त्याला मर्यादा आहे. ती संपली की तो पळवाट शोधतो, आणि त्यात त्याच्या प्रामाणिकपणाचा संबंध नसतो. त्याला संध्याकाळपर्यंत काम उरकायचं असतं.

तांत्रिक लोक हुशारच होते. पण माणसाला प्रत्यक्ष काम करताना बघायचं असतं, हे त्यांच्या शिक्षणात कुठे आलंच नव्हतं.

---

कऱ्हाकाठ

बिल्वदल, तुम्ही लिहिलंय ते मी डोळ्यांनी बघितलंय. एका सहकारी बँकेत शाखाधिकारी होतो. दर महिन्याला पासवर्ड बदलायचा हुकूम होता. आमच्या काउंटरवरच्या निम्म्या लोकांचे पासवर्ड मुलाचं नाव आणि चालू महिना. जून संपला की जुलै. ऑडिटला सगळं हिरवं, नियम शंभर टक्के पाळलेला.

मला एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती कुठल्याच सायबर कोर्समध्ये ऐकली नाही. मोठे दरोडे सुट्टी बघून पडतात. पुण्यातली कॉसमॉस बँकेची घटना ११ ऑगस्ट २०१८ ची. तो दुसरा शनिवार होता, बँका बंद. तेव्हा आणि १३ ऑगस्टला मिळून ९४ कोटी रुपये गेले, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. खात्यात रक्कम आहे का, असा निरोप बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत पोचूच दिला नव्हता. मध्येच एक बनावट स्विच (एटीएमचे निरोप बँकेकडे नेणारी यंत्रणा) बसवून 'मंजूर, मंजूर' अशी उत्तरं पाठवली जात होती. बांगलादेश बँक, म्हणजे त्या देशाची मध्यवर्ती बँक, तिची फेब्रुवारी २०१६ ची घटना पाहा. तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवार, तिचे डॉलर जिथे ठेवलेले होते त्या न्यूयॉर्कला शनिवार-रविवार, आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. असा कॅलेंडरचा दोरा लावून ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला नेले. स्विफ्टचे, म्हणजे देशोदेशीच्या बँकांमधल्या संदेशयंत्रणेचे निरोप आपोआप छापणारा प्रिंटर त्या शुक्रवारी बंद पडला होता. प्रिंटर काय, नेहमीच बिघडतो, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

आणि श्रीलंकेला निघालेले २ कोटी डॉलर अडले ते कशाने? लाभार्थी संस्थेच्या नावातल्या 'फाउंडेशन'चं स्पेलिंग चुकलेलं होतं. मधल्या डॉइच बँकेत ते कुणाच्या तरी नजरेला आलं आणि विचारणा झाली. व्हाउचर पासिंगला बसणारा जुना कारकून हेच करतो: नाव, रक्कम, सही, तारीख, आणि हात थांबला की थांबतो. स्टोलचे ७५ सेंट वाचल्यावर मला आमचे हेड कॅशिअरच आठवले. दिवसअखेर ताळा जुळला नाही तर सगळ्यांना बसवून ठेवायचे. या लोकांना सायबर विभागात कुणी बोलावत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. निवृत्तीनंतर घरी बसलेत.

---

सह्यकडा

कऱ्हाकाठ, कॅलेंडरचा मुद्दा घेतला. आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी पाळीवर माणसं कमी असतात. उद्याच्या मीटिंगला हा विषय काढतो.

---

जुना_प्राध्यापक

मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, म्हणून संशोधन-सुरक्षेबद्दल लिहितो. तिथे चुकीचा माणूस बसला तर पासवर्ड लिहून ठेवण्यापेक्षा फार मोठी किंमत मोजावी लागते.

शाओशिंग शी हे फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ, अतिवाहक पदार्थांच्या पातळ थरांवर काम करणारे. मे २०१५ मध्ये पहाटे एफबीआयचे सशस्त्र लोक घरात शिरले, कुटुंबासमोर त्यांना बेड्या घातल्या. आरोप असा की 'पॉकेट हीटर' नावाच्या एका उपकरणाचा आराखडा त्यांनी चीनमधल्या सहकाऱ्यांना ईमेलने पाठवला. त्या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी, मूळ उपकरण विकसित करणाऱ्यांपैकी एकानेसुद्धा, शपथेवर सांगितलं की ईमेलमधली आकृती पॉकेट हीटरची नाहीच. सप्टेंबरमध्ये खटला मागे घेतला गेला. म्हणजे एका माणसाला गुप्तहेर ठरवण्याआधी ती आकृती या विषयातल्या एखाद्या जाणकाराला दाखवली असती तरी पुरलं असतं.

आपल्याकडे इस्रोचे नंबी नारायणन. ३० नोव्हेंबर १९९४ ला अटक, क्रायोजेनिक (अतिथंड इंधनावर चालणाऱ्या) रॉकेट इंजिनाचं तंत्रज्ञान विकल्याचा आरोप. १९९६ मध्ये सीबीआयने आरोप खोटे असल्याचा अहवाल दिला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५० लाखांची भरपाई द्यायला लावली. ज्या तंत्रज्ञानाच्या विक्रीचा आरोप होता, त्याचं भारतीय बनावटीचं पहिलं यशस्वी उड्डाण झालं जानेवारी २०१४ मध्ये! इतकी साधी कालगणना तपास करणाऱ्यांपैकी कुणालाच करावीशी वाटली नाही. त्यात एका शास्त्रज्ञाची उमेदीची वर्षं गेली.

तेव्हा धागाकर्तीताई, तुमच्या कार्यालयात इतिहास, कायदा, मानसशास्त्र सगळं असू द्या. पण संशयाची फाइल पुढे जाण्याआधी त्या विषयातल्या माणसाने ती वाचलेली असलीच पाहिजे, आणि त्याला 'थांबा' म्हणायचा अधिकार हवा. हा अधिकार कुणाकडे आहे?

---

मुळा_ते_मास

सर, तुमच्या प्रश्नाकडे येते. त्याआधी दुसरी बाजू सांगते, कारण इकडच्या देशात या विषयाची जखम उलट दिशेची आहे.

अब्दुल कादिर खान हे धातुशास्त्रज्ञ. डेल्फ्टला शिकले, बेल्जियममधल्या लूव्हनला डॉक्टरेट केली. १९७२ पासून अ‍ॅम्स्टरडॅमच्या एफडीओ या प्रयोगशाळेत. ही प्रयोगशाळा युरेनियम समृद्ध करणाऱ्या युरेन्कोसाठी काम करायची. खान यांना जर्मन यायचं, म्हणून १९७४ मध्ये अल्मेलोच्या प्रकल्पातली सेंट्रिफ्यूजची (युरेनियम समृद्ध करणाऱ्या फिरत्या यंत्रांची) जर्मन कागदपत्रं त्यांना भाषांतराला दिली गेली. १९७५ च्या डिसेंबरात ते पाकिस्तानला गेले ते परतले नाहीत. पुढे पाकिस्तानच्या अणुबॉम्बचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

पण मला सारखे आठवतात ते फ्रिट्स व्हेरमन. एफडीओत तांत्रिक छायाचित्रकार, खान यांच्याच खोलीत बसणारे, त्यांच्या घरी जेवायला जाणारे. तिथे त्यांना गोपनीय आराखडे दिसले. त्यांनी वरिष्ठांना सांगितलं. ऐकून घेणं तर दूरच, पुढे त्यांची नोकरी गेली. २०२० मध्ये नेदरलँड्सच्या जागल्यांसाठीच्या सरकारी संस्थेने मान्य केलं की या माणसाला अन्याय्य वागणूक मिळाली. पुढच्याच वर्षी ते वारले. त्या प्रयोगशाळेत भौतिकशास्त्र जाणणारे होते, सुरक्षा अधिकारी होते, गुप्ततेचे नियम होते. एका छायाचित्रकाराचं बोलणं वरपर्यंत नेईल असा माणूस मात्र नव्हता. म्हणून आमच्या गटात मानसशास्त्रज्ञ आहे.

आता अधिकाराचं. इथे जानेवारी २०२२ पासून ज्ञान-सुरक्षेसाठी एक राष्ट्रीय खिडकी आहे. विद्यापीठ तिथे प्रश्न पाठवतं, वेगवेगळ्या मंत्रालयांतली माणसं मिळून उत्तर देतात. ते उत्तर सल्ला असतं, निर्णय विद्यापीठाचाच. आमच्याकडे फाइल तयार करणारा कुणीही एकटा निष्कर्ष लिहीत नाही. आधी आम्ही त्या संशोधकाच्या प्रयोगशाळेत जातो आणि म्हणतो, काय करता ते दाखवा. मग त्याच विषयातले पण त्या प्रकल्पाबाहेरचे दोन प्राध्यापक फाइल वाचतात. त्यांच्यापैकी कुणी हरकत घेतली तर ती फाइल तशीच पुढे जात नाही. सगळीकडे अशी सोय आहे असा माझा दावा नाही, पण ती असावी यासाठी मी भांडेन.

---

बिल्वदल

व्हेरमन यांचं वाचून एमी एडमंडसन यांचं काम आठवलं. त्या इंजिनिअर, रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांच्याकडे काम केलेल्या, मग हार्वर्डला संघटन-वर्तनात पीएचडी. नव्वदच्या दशकात त्यांनी रुग्णालयांत औषध देण्यातल्या चुका मोजल्या. अपेक्षा होती की चांगल्या गटात चुका कमी असतील. आकडे उलट आले. शोधल्यावर कळलं की चांगल्या गटांत चुका जास्त *सांगितल्या* जात होत्या. इतर वॉर्डांत सिस्टरच्या धाकाने सगळे गप्प.

सायबरला हे जसंच्या तसं लागू आहे. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे, घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. पण लक्षात येणार केव्हा? ज्या मुलीने चुकीच्या लिंकवर क्लिक केलं तिला माहीत असतं. मागच्या वेळी असं करणाऱ्याचं नाव साहेबांनी सगळ्यांच्या मेलमध्ये टाकलं असेल, तर ती गप्प बसते. मी ज्या कंपनीत सल्ला द्यायला जाते तिथे पहिल्या दिवशी एकच गोष्ट विचारते: शेवटचं ज्याने स्वतःहून कळवलं, त्याचं पुढे काय झालं? उत्तर देताना लोक एकमेकांकडे बघायला लागले की मला पुरेसं कळतं.

---

सातारची_मी

नमस्कार. मी टीवायबीएला आहे, विषय मानसशास्त्र. सगळा धागा दोनदा वाचला. घरी सगळे म्हणतात बीएड कर. मला या क्षेत्रात यायचंय, पण कोडिंग येत नाही आणि क्लासची फी परवडणार नाही. सुरुवात कुठून करू?

---

सह्यकडा

लिनक्स फुकट आहे. जुन्या लॅपटॉपवर टाक आणि रोज तासभर वापर. वायरशार्कही फुकट आहे, त्यात स्वतःच्याच घरातलं ट्रॅफिक बघ. मोबाइलवर एखादं पान उघडल्यावर मागे काय काय घडतं ते ओळखता आलं की पुढचं कळायला लागेल. महागड्या सर्टिफिकेटांच्या मागे आत्ता लागू नकोस. सीआयएसएसपीचं नाव सगळीकडे ऐकशील, पण त्यासाठी आधी पाच वर्षांचा अनुभव लागतो. फ्रेशरला ते विकणाऱ्या क्लासपासून लांब राहा.

---

बिल्वदल

एम.ए.ला औद्योगिक मानसशास्त्र घे आणि संख्याशास्त्राचा पेपर मनापासून कर, पुढे त्याच्याच जोरावर तुझं म्हणणं ऐकलं जाईल. प्रबंधाला विषय गावातलाच निवड. साताऱ्यातल्या दोन-तीन पतसंस्थांची परवानगी काढ आणि कर्मचारी पासवर्ड आणि ओटीपी प्रत्यक्षात कसे हाताळतात ते नुसतं बसून बघ, लिहून घे. कुणाचं नाव येऊ देऊ नकोस, आणि बघितलेलं त्यांच्या साहेबांना सांगणार नाहीस हे आधीच लेखी ठरव.

---

कऱ्हाकाठ

पोरी, पतसंस्थांची परवानगी काढायला मी मदत करतो. तिकडे दोन मॅनेजर ओळखीचे आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. आणि मार्चएंडला जाऊ नकोस, तेव्हा कुणी उभं करणार नाही. जूनमध्ये जा.

---

जुना_प्राध्यापक

मुळा_ते_मास, उत्तर वाचलं. प्रकल्पाबाहेरचे प्राध्यापक कोण, हे कोण ठरवतं? छोट्या विषयात सगळे एकमेकांना ओळखतात. कुणी मित्र असतो, कुणी प्रतिस्पर्धी.

---

मुळा_ते_मास

सर, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. सध्या दोन नावं संशोधक स्वतः सुचवतो, दोन विभागप्रमुख, आणि आम्ही त्यातलं एकेक घेतो. दोघांचं पटलं नाही तर दुसऱ्या विद्यापीठातला तिसरा. संशोधकाला कळतं की आपली फाइल कुणी वाचली, आणि उत्तर द्यायची संधी मिळते. लहान विषयांत ही पद्धत अजूनही तोकडी पडते. गेल्या आठवड्यात क्वांटम संवेदकांची एक फाइल आली, तिच्यासाठी अजून तिसरा वाचक मिळालेला नाही, म्हणून ती तशीच थांबवून ठेवली आहे. तुमच्या ओळखीत या विषयातलं, युरोपबाहेरचं, निवृत्त कुणी असेल तर कळवाल का?